लोणारची प्रदक्षिणा

(पदभ्रमण करणाऱ्या तरुणांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भारतीय मनाला एखाद्या गोष्टीविषयी आदर वाटला की ते तिच्याभोवती फिरू लागते. देवळात गाभाऱ्याभोवती, अंगणात तुळशीभोवती, ज्येष्ठी पौर्णिमेला वडाभोवती. हीच प्रदक्षिणा मोठी झाली की अरुणाचलाची गिरिप्रदक्षिणा होते आणि आणखी मोठी झाली की नर्मदेची परिक्रमा होते. या सर्वांचा नियम एकच आहे. मध्यभागी जे आहे ते उजव्या हाताला ठेवायचे, त्याच्याकडे पाहत चालायचे आणि त्याला धक्का लावायचा नाही. नर्मदेच्या परिक्रमेत तर नदी ओलांडण्याचीही मुभा नसते. ज्याच्याभोवती फिरायचे ते आपल्या मालकीचे नाही, याची आठवण प्रत्येक पावलाला राहावी, हाच या नियमाचा अर्थ आहे.

अलीकडे तरुण मंडळी मोठ्या संख्येने गडकोटांवर आणि रानावनांत जाऊ लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु बहुतेकांची दृष्टी शिखराकडे असते. शिखर गाठले, छायाचित्र काढले, मोहीम फत्ते झाली. ज्या वाटेला शिखर नाही, जी जिथून सुरू होते तिथेच येऊन संपते, अशा वाटेने चालण्यात काय मिळते, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी विदर्भातील एका वाटेवर जावे लागेल. ती वाट बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराभोवतीची आहे.

पठाराच्या पोटातील वाडगे

जिजाऊंचे जन्मस्थान असलेले सिंदखेडराजा याच जिल्ह्यातले. त्या बाजूने लोणारकडे जाताना दोन्ही हातांना सपाट काळी शेते दिसतात. डोंगर नाही, दरी नाही. पुढे काही विलक्षण आहे अशी खूण कोठेही आढळत नाही. गाव येते, गाव ओलांडले जाते, जमीन किंचित चढू लागते आणि एकाएकी पायांखालची भूमी संपते. समोर साधारण १.८ किलोमीटर व्यासाचे, जवळजवळ वर्तुळाकार, एक प्रचंड वाडगे उघडते. त्याचा कडा भोवतालच्या शेतांहून सुमारे वीस मीटर उंच आहे, आणि कड्यावरून आतले पाणी सुमारे १३५ मीटर खाली आहे. चाळीस मजल्यांच्या इमारतीच्या गच्चीवरून अंगणाकडे पाहावे तसे ते दिसते. उतारावर दाट झाडी, तळाशी हिरवट रंगाचे, सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचे सरोवर आणि त्याच्या काठाशी झाडीतून डोकावणारी जुनी देवळे.

बहुसंख्य पर्यटक हे दृश्य कड्यावरून पाहतात आणि अर्ध्या तासात परततात. त्यांनी लोणार पाहिले असे म्हणता येईल. पण त्यांना लोणार कळले असे म्हणता येणार नाही. ते कळण्यासाठी चालावे लागते. या ठिकाणी दोन फेऱ्या करता येतात. एक कड्यावरून, जवळपास सहा किलोमीटरची. दुसरी खाली उतरून पाण्याच्या काठाने, चार किलोमीटरच्या आसपासची. दुसरीत उतरण आणि चढण यांची भर पडते. मध्यम प्रकृतीच्या, रोज थोडेफार चालणाऱ्या माणसाला खालची फेरी चार-पाच तासांत, देवळांपाशी थांबत थांबत, करता येते. यासाठी दोर लागत नाही, कसलेले गिर्यारोहण लागत नाही. लागते ते सावध पाऊल.

कड्यावरचा पहिला धडा

सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला तेथील कातळाची एक ओळख पक्की झालेली असते. लाव्हाचे थर एकावर एक, आडवे, भाकरींची चवड रचावी तसे असतात. राजगडावरून पाहा की हरिश्चंद्रगडावरून पाहा, दूरवर त्याच आडव्या रेघा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा पसरला आणि थंड झाला. लोणारचे पठारही त्याच पाषाणाचे. परंतु लोणारच्या कड्यावर उभे राहून उघड्या खडकाकडे नीट पाहिले, तर तेथील थर आडवे नाहीत. ते बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. जणू कोणी खालून जोर लावून जमिनीचा काठ वर उचलून धरला आहे. काही ठिकाणी तर वरचा थर उलटून पडल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे.

हा काठ उचलला कोणी? १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. त्यानंतर बराच काळ हे ज्वालामुखीचे मुख असावे, अशी समजूत होती. लाव्हाच्या प्रदेशात असे वाटणे स्वाभाविकच होते. १८९६ मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातील विवराची चर्चा करताना लोणारशी असलेले त्याचे साम्य नोंदविले. पण निर्णायक पुरावा मिळायला विसावे शतक बरेच पुढे सरकावे लागले. सरोवराच्या तळाला छिद्रे घेऊन खालचा खडक वर काढण्यात आला. सुमारे शंभर मीटर गाळाखाली ठेचलेल्या, भरडलेल्या पाषाणाचा थर लागला. त्यात मॅस्केलिनाइट सापडले. खडकातील स्फटिक न वितळता, केवळ प्रचंड आघाताच्या दाबाने काचेसारखा झाला की हा पदार्थ तयार होतो. ज्वालामुखीला असा दाब निर्माण करता येत नाही. १९७३ मध्ये भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी मिळून हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि लोणार हे अवकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने झालेले विवर आहे, हे जगाने मान्य केले.

पृथ्वीवर आघाती विवरे पुष्कळ आहेत. परंतु बेसॉल्ट पाषाणातील इतके सुरेख जपले गेलेले दुसरे विवर नाही. चंद्राच्या आणि मंगळाच्या पृष्ठभागाचा मोठा भाग याच जातीच्या पाषाणाचा असल्याने, तेथील विवरे समजून घेऊ पाहणारा अभ्यासक लोणारला येतो. मंगळावर जाण्याचा मार्ग मेहकर तालुक्याच्या शेजारून जातो, असे गमतीने म्हणता येईल.

विवराचे वय मात्र वादाचा विषय राहिला. तापदीप्तीच्या पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे निघाले होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या संशोधनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे ठरविले. दोन उत्तरांत दहापटीहून अधिक अंतर आहे. कड्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला यात निराश होण्याचे कारण नाही. ज्या दगडावर त्याचा पाय आहे, त्याच्याविषयी अजून शिकायचे शिल्लक आहे, एवढाच याचा अर्थ.

पुराणाची आठवण

विज्ञानाने अशनीची कथा सांगण्याच्या कितीतरी आधी या पंचक्रोशीने आपली कथा सांगितली होती. लवणासुर नावाचा दैत्य येथे भूमीखाली विवर करून राहत असे आणि लोकांना पीडा देई. विष्णूने सुंदर युवकाचे रूप घेतले, दैत्याच्या बहिणींकडून त्याचा ठावठिकाणा काढून घेतला, पायाच्या अंगठ्याने विवराचे झाकण उडविले आणि दैत्याचा वध केला. उडालेले झाकण दूर जाऊन पडले व त्याची टेकडी झाली. दैत्याच्या रक्ताचे पाणी झाले, मांसाचे मीठ झाले. लोणार गावातील दैत्यसूदनाचे तारकाकृती तलविन्यासाचे, शिल्पांनी नटलेले मंदिर याच प्रसंगाचे स्मरण आहे.

कथा ही कथा आहे आणि भूविज्ञान हे भूविज्ञान आहे. एकाची दुसऱ्याशी ओढूनताणून सांगड घालण्याचे कारण नाही. पूर्वजांना अशनी ठाऊक होता, असा दावा करण्याची तर मुळीच गरज नाही. पण त्यांच्या निरीक्षणाला मात्र दाद द्यावी लागते. हा खड्डा इतर खड्ड्यांसारखा नाही, येथे काहीतरी उसळले, उडाले आणि दूर जाऊन पडले, येथील पाणी खारट आहे आणि त्या खारटपणाचा संबंध या खड्ड्याच्या जन्माशी आहे, हे त्यांनी हेरले होते. चालणाऱ्यांनी हेरले होते, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल; कारण त्या काळी येथे येणारा प्रत्येक जण चालतच आलेला असे.

धारेपासून काठापर्यंत

विवराच्या ईशान्य कड्यापाशी धार आहे. गोमुखातून बारमाही पाणी पडते. भोवती कुंड आणि देवळे आहेत. स्नानासाठी यात्रेकरूंची सतत ये-जा असते. येथून उतरणीची वाट सुरू होते. सुरुवातीच्या पायऱ्या ओलसर आणि गुळगुळीत असतात. त्या संपल्या की सुट्या दगडांची वाट लागते. बेसॉल्टचा गोटा दिसायला स्थिर, पण पाय पडताच फिरणारा. उतरताना पाऊल आडवे टाकावे, पुढच्या माणसाशी अंतर ठेवावे आणि निसटलेल्या दगडाची सूचना खालच्याला मोठ्याने द्यावी. घोटा मुरगळण्याचे प्रसंग चढताना थोडे आणि उतरताना अधिक येतात, हे अनुभवी पदयात्रिक जाणतात.

जसजसे खाली जावे तसतशी हवा बदलते. वरचे भणाणते वारे थांबते. साग, कडुलिंब, पळस, सीताफळ यांची दाटी होते. खाली चिंचेची जुनी झाडे लागतात, खजुरीची झुडुपे दिसतात, त्यापुढे बाभळीचा पट्टा येतो आणि शेवटी काहीही न उगवणारी, पांढुरक्या खाराची, चिखलाची किनार. वनस्पतींची ही वर्तुळे एकात एक बसलेली आहेत. खार किती सोसवतो, यावर प्रत्येक झाडाने आपली जागा ठरवून घेतली आहे. माणसाने आखलेल्या कोणत्याही उद्यानात इतकी नेमकी आखणी सापडणार नाही.

या रानात मोर विपुल आहेत, वानरांच्या टोळ्या आहेत. काठाच्या उथळ पाण्यात लांब लाल पायांचे शेकाटे चालताना दिसतात, हिवाळ्यात चक्रवाकांच्या जोड्या येतात. रामसर यादीतील नोंदीनुसार येथे पक्ष्यांच्या १६०, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या ४६ आणि सस्तन प्राण्यांच्या १२ जाती आहेत. त्यांत लांडगाही आहे. मुकाट्याने चालणाऱ्या चार माणसांना यांतील पुष्कळ दिसते. मोठ्याने गाणी वाजवीत जाणाऱ्या चाळीस जणांना फक्त एकमेकांची पाठ दिसते.

पाण्याची परीक्षा

काठाशी आले की प्रथम वास येतो. सडलेल्या अंड्यासारखा हा उग्र दर्प गंधकयुक्त वायूचा असतो. पाणी हिरवे दिसते ते त्यात वाढणाऱ्या सूक्ष्म शेवाळासारख्या जीवांमुळे; स्पिरुलिना म्हणून जे आज पोषक अन्न म्हणून विकले जाते, त्याच्या कुळातले जीव या पाण्यात विपुल वाढतात.

या पाण्याची एक सोपी परीक्षा घरातल्या वस्तूने करता येते. कागदाला हळद लावून ती वाळवावी आणि त्यावर सरोवराच्या पाण्याचा थेंब सोडावा. पिवळा डाग लालसर होतो. हळदीत क्षार मिसळून कुंकू तयार करणाऱ्या जुन्या कारागिरांना हा रसायनाचा नियम ठाऊक होताच. लोणारचे पाणी इतके अल्कधर्मी आहे की त्याचा सामू दहाच्या आसपास आढळत आला आहे. समुद्राच्या पाण्याचा सामू आठच्या थोडा वर असतो. आणि हे माप असे आहे की एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक.

हा खार आला कोठून? भोवतालच्या काळ्या पाषाणातून झिरपणारे पाणी आपल्याबरोबर क्षार आणते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तळाशी बसतात, सोडियम पाण्यात राहतो. या वाडग्याला बाहेर जाणारा एकही ओढा नाही. पाणी येण्याचे मार्ग अनेक: पाऊस, झरे, उतारावरून वाहणारे लोट. जाण्याचा उघड मार्ग एकच, सूर्याच्या तापाने होणारी वाफ. वाफ पाणी नेते आणि क्षार मागे ठेवते. हजारो वर्षांच्या या देवघेवीतून लोणारचे खारे पाणी सिद्ध झाले आहे. अकबराच्या काळात, सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने लिहिलेल्या ऐन-इ-अकबरीत मेहकर सरकारातील लोणारची आणि काच व साबण करण्याच्या उपयोगी पडणाऱ्या येथील खाराची नोंद आहे. दल्ला, पापडी, भुस्की अशी त्या खाराच्या प्रकारांची नावे होती आणि त्यापासून राज्याला महसूल मिळत असे.

येथेच या फेरीचे मर्म आहे. ज्या पात्रातून काहीही बाहेर जात नाही, त्यात जे जे पडेल ते आतच राहते. नदीत टाकलेली घाण पुढच्या गावाला जाते, आणि म्हणून माणूस स्वतःची समजूत घालतो की ती गेली. लोणारमध्ये काहीही जात नाही. येथे पडलेले प्लॅस्टिक, निर्माल्य, साबणाचा फेस, गावाचे सांडपाणी, सारे याच वाडग्याच्या हिशेबात जमा होते.

देवळांच्या वाटेने

काठालगतच्या वाटेवर रामगया, शंकर-गणेश, वाघ महादेव, मोर महादेव अशी जुनी देवळे आहेत. काहींची शिखरे ढासळली आहेत, काहींच्या खांबांना वडा-पिंपळाच्या मुळांनी वेटाळले आहे. चुन्याशिवाय एकमेकांत बसविलेल्या दगडांची ही बांधणी महाराष्ट्रात हेमाडपंती या नावाने ओळखली जाते. गाभाऱ्यात शिरताना वटवाघळांची जाणीव ठेवावी आणि पडक्या भिंतींवर चढू नये. दगड सातशे-आठशे वर्षे उभा आहे, म्हणून तो आज एखाद्याचा भार सोसेलच असे नाही.

कमळजादेवीचे स्थान हे या फेरीचे हृदय होय. नवरात्रात येथे भाविकांची रीघ लागते. देवळाच्या जवळ, सरोवराच्या बाजूला सासू-सुनेची विहीर आहे. तिच्या एका बाजूचे पाणी गोडे आणि दुसऱ्या बाजूचे खारे, असे लोक सांगतात व नावाची गंमतही सांगतात. ही विहीर म्हणजे सरोवराची निसर्गाने ठेवलेली मोजकाठीच आहे. पातळी चढली की ती बुडते, उतरली की उघडी पडते.

याच काठावर अलीकडच्या काही वर्षांत दोन टोकांच्या घटना घडल्या. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी अचानक गुलाबी झाले. देशभर चर्चा झाली, नाना तर्क झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि मीठप्रेमी सूक्ष्मजीवांनी हा रंग आणल्याचे सांगितले. त्या उन्हाळ्यात पाणी आटले होते, खार तीव्र झाला होता आणि या जीवांना अनुकूल काळ आला होता. पाऊस आला, रंग गेला. त्याच वर्षी लोणारची आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळांच्या रामसर यादीत नोंद झाली. नांदूर मधमेश्वरनंतर हा मान मिळविणारे ते महाराष्ट्रातील दुसरे स्थळ.

पुढे काही वर्षांतच चित्र उलटले. पाणी आटण्याऐवजी चढू लागले. काठावरच्या झाडांचे बुंधे पाण्यात उभे राहिले, २०२५ पर्यंत पाणी कमळजादेवीच्या मंदिरापर्यंत येऊन पोहोचले, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाटेने लोक चालत आले तिचे काही भाग बुडाले. ज्यांनी कड्यावरून पाहिले त्यांना सरोवर भरलेले, अधिकच देखणे दिसले असेल. ज्याने काठाने चालण्याचा प्रयत्न केला, त्याला वाट सापडली नाही. दोघांच्या पाहण्यात हा एवढा फरक आहे.

भरलेले सरोवर ही सर्वत्र शुभ गोष्ट मानली जाते. दुष्काळाची आठवण असलेल्या विदर्भ-मराठवाड्याच्या सीमेवर तर तसे वाटणे साहजिकच आहे. पण लोणारचे आयुष्य खारावर अवलंबून आहे. गोडे पाणी वाढले की खार पातळ होतो. खार पातळ झाला की जे सूक्ष्मजीव केवळ या तीव्र पाण्यातच जगू शकतात त्यांची जागा जाते, आणि चारचौघांसारख्या तळ्यांतले जीव तेथे शिरतात. एखादे सरोवर न आटताही नष्ट होऊ शकते. त्याचे पाणी राहते, त्याचे लोणारपण जाते.

पावलांचे पथ्य

संरक्षणाचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २००० मध्ये या परिसराला वन्यजीव अभयारण्याचा दर्जा मिळाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने हे स्थळ राष्ट्रीय भूवारसा म्हणून घोषित केले आहे. सांडपाणी, अतिक्रमणे आणि वेडी बाभूळ यांविषयीचे प्रश्न जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले आणि न्यायालयाने शासकीय यंत्रणांना वेळोवेळी जाब विचारला. बाहेरून आलेली ही वेडी बाभूळ उतारावर पसरून देशी झाडांची जागा बळकावते. ती काढण्याचे कामही हाती घेण्यात आले. कायदा आहे, न्यायालय आहे, खाते आहे. तरीही सरोवराचे खरे हित पाहण्यासाठी डोळे लागतात, आणि ते डोळे पुनःपुन्हा त्याच वाटेने जाणाऱ्या माणसाचेच असू शकतात.

म्हणून लोणारला जाणाऱ्या गटाने काही पथ्ये पाळावीत. हिवाळ्याचे महिने निवडावेत आणि पहाटे लवकर निघावे. दुपारी वाडग्यातील हवा कोंडते. वनखात्याचा प्रवेशनियम पाळावा आणि खालची वाट कोठपर्यंत मोकळी आहे याची आधी चौकशी करावी. वाट पाण्याखाली असेल तर झाडी तोडून नवी वाट पाडण्याचा पराक्रम करू नये. कड्यावरची फेरी करावी, तीही तितकीच शिकविणारी आहे. प्रत्येकाने दोन-तीन लिटर पाणी बरोबर घ्यावे; समोर एवढे पाणी असून त्यातील एक ओंजळ पिता येत नाही, हे तहान लागल्यावर लक्षात येऊन उपयोग नाही. स्थानिक जाणकार वाटाड्या सोबत घ्यावा. वाट तर कळतेच, शिवाय गावातील एका घराला सरोवर जपण्याचे कारण मिळते. धारेवर साबण लावू नये. दगड उचलून आणू नये. आघातात वितळून काचेसारखे झालेले खडे शास्त्राच्या दृष्टीने अमोल आहेत आणि ते जेथे आहेत तेथेच त्यांना अर्थ आहे. दिवाणखान्यातल्या कपाटात तो निव्वळ काळा खडा असतो.

आणि एक पथ्य यांहून महत्त्वाचे. एकदा जाऊन थांबू नये. दर वर्षी त्याच महिन्यात जावे, त्याच ठिकाणी थांबावे, तीच चार स्थळे पाहावीत. विहीर दिसते की बुडाली? कमळजेच्या कोणत्या पायरीला पाणी लागले आहे? शेकाटे होते का, किती होते? चिंचेच्या झाडांना पालवी आहे की ती उभ्या उभ्या सुकली? तारीख घालून वहीत टिपून ठेवावे. अशी दहा वर्षांची साधी वही एखाद्या अभ्यासकाच्या हाती पडली, तर तिचे मोल कोणत्याही छायाचित्रसंग्रहाहून अधिक असेल. सहलीला येणारा माणूस आणि त्या स्थळाचा राखणदार यांच्यात अंतर आहे ते या वहीचे.

परतीची चढण

फेरी पुरी करून धारेकडे चढताना दम लागतो. वाटेत दोन-तीनदा थांबावे लागते आणि प्रत्येक थांब्यावर मागे वळून पाहिले की सरोवर थोडे लहान झालेले दिसते. सकाळी ज्या दगडावरून पहिले पाऊल खाली टाकले होते, तोच दगड पुन्हा समोर येतो. कोठेही पोहोचलो नाही, असे क्षणभर वाटते. ज्याने शिखराची सवय लावून घेतली आहे, त्याला चुकल्यासारखेही वाटते.

परंतु त्याच दगडावर बसून खाली पाहिले असता दृश्य सकाळचे राहिलेले नसते. तेव्हा जो हिरवा ठिपका होता, त्याचा आता वास माहीत असतो, चव माहीत असते. जी झाडीची गर्द पट्टी होती, तिच्यातील चिंच कोणती आणि बाभूळ कोणती हे कळलेले असते. देऊळ कोठे उभे आहे आणि पाणी त्याच्यापासून किती हातांवर आले आहे, हे मनात पक्के झालेले असते. प्रदक्षिणेत माणूस पुढे जात नाही हे खरे; पण ज्याच्याभोवती तो फिरला त्याची जबाबदारी न कळत त्याच्या खांद्यावर येऊन बसते.

लोणारच्या कड्यावर उभे राहणारे पुष्कळ आहेत. त्याच्याभोवती फिरणारे थोडे आहेत. दर वर्षी फिरून येणारे त्याहून थोडे. या तिसऱ्या प्रकारच्या माणसांची संख्या वाढली, तर काठाची वाट पुन्हा बुडाली तरी ती कोठे होती हे सांगणारे कोणीतरी राहील, आणि पाणी उतरल्यावर ती पुन्हा पायांनी मळवणारेही कोणी असेल.